मालक, सरकार आणि सभासद

भांडवलशाही, समाजवाद आणि साम्यवाद हे तीन शब्द आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेले आहेत की त्यांचा अर्थ विचारला, तर बहुतेक सुशिक्षित माणसे व्याख्येऐवजी देशांची नावे सांगतात. भांडवलशाही म्हणजे अमेरिका, साम्यवाद म्हणजे रशिया आणि समाजवाद म्हणजे १९९१ पूर्वीचा आपला देश, असे ते उत्तर असते. ते अगदीच चुकीचे नाही. मात्र त्यामुळे हे शब्द दूरदेशीचे वाटू लागतात आणि त्यांचा आपल्या घराशी, वडिलांच्या नोकरीशी, आजोबांच्या पेन्शनशी काही संबंध असेल, हे ध्यानातच येत नाही.

वस्तुतः ज्या नगरात आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्या बडोद्याने या तिन्ही विचारांचे काही ना काही फळ चाखलेले आहे. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा येथील वाड्यांतून निघून आज गोत्रीच्या परिसरात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडला, तर त्यात संस्थानची चाकरी आढळते, सहकारी पेढीतील ठेव आढळते, सरकारी कारखान्यातील पगार आढळतो आणि खाजगी कंपनीचे शेअरही आढळतात. तेव्हा या तीन अर्थव्यवस्थांची तुलना पुस्तकी व्याख्यांवर न सोडता आपल्याच नगराच्या इतिहासावर घासून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीन प्रश्न

तुलना करायची तर मोजपट्टी एकच हवी. त्यासाठी कोणत्याही अर्थव्यवस्थेला तीन प्रश्न विचारता येतात. उत्पादनाच्या साधनांची मालकी कोणाची? काय बनवायचे, किती बनवायचे आणि ते कोणत्या भावाने विकायचे, हे कोण ठरवतो? आणि तोटा आला, तर तो कोण सोसतो?

भांडवलशाहीत साधने खाजगी मालकीची असतात. भाव बाजारात ठरतो. नफा मालकाचा आणि तोटाही, निदान तत्त्वतः, मालकाच्या भांडवलाचा. समाजवादात महत्त्वाची साधने समाजाच्या ताब्यात असावीत अशी अपेक्षा असते. मग तो ताबा राज्यसंस्थेमार्फत असो वा सहकारी संस्थांमार्फत. उत्पादनाची दिशा नियोजनाने ठरते आणि तोटा शेवटी सर्व करदात्यांवर किंवा सभासदांवर वाटला जातो. साम्यवाद ही मार्क्स आणि एंगल्स यांच्या मांडणीतील अंतिम अवस्था होय. त्यांचा जाहीरनामा १८४८ साली प्रसिद्ध झाला. खाजगी मालकी आणि वर्गभेद नाहीसे होऊन अखेर राज्यसंस्थाही विरून जाईल, प्रत्येक जण आपल्या कुवतीप्रमाणे श्रम करील आणि गरजेप्रमाणे घेईल, अशी ती कल्पना आहे. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सोव्हिएत रशियाने आपण साम्यवाद गाठला आहे, असा दावा कधीच केला नाही. तो देश स्वतःला समाजवादीच म्हणवीत असे आणि साम्यवाद हे त्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात तेथे राज्यसंस्था विरली नाही. उलट एकाच पक्षाच्या हाती सारी सत्ता गेली आणि खिळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक वस्तूचे आकडे मध्यवर्ती नियोजन मंडळ ठरवू लागले.

संस्थानाने वाढवलेले भांडवल

भारतीय अर्थविचाराच्या इतिहासात बडोद्याचे नाव वारंवार येते, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. हिंदुस्थानातील संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो, हे आकड्यांनी सिद्ध करणारे दादाभाई नवरोजी १८७४ साली बडोद्याचे दिवाण होते. ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास दोन खंडांत लिहिणारे रमेशचंद्र दत्त १९०४ पासून बडोदे संस्थानच्या महसूल खात्याची धुरा सांभाळीत होते. १९०९ साली ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बडोद्यातच त्यांचे निधन झाले. परकीय राज्यामुळे देशी उद्योग बुडाले, हे ज्यांनी ग्रंथांत मांडले, त्यांना देशी राज्य काय करू शकते, हे आजमावण्याची संधी या संस्थानात मिळाली.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८१ साली राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. उद्योगवाढीसाठी त्यांनी आधी सरकारी मालकीची वाट चोखाळून पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संस्थानाने स्वतःच्या पैशाने कापडगिरणी काढली आणि पुढे ती खाजगी हाती सोपवली. कारखाना चालवणे हे दरबारी कारकुनांचे काम नव्हे, हा धडा त्यातून मिळाला असावा. त्यानंतर महाराजांनी मालक होण्यापेक्षा मालक घडवण्याकडे लक्ष दिले. १८९० साली कलाभवन सुरू झाले. रसायन, रंगकाम, यंत्रविद्या यांचे शिक्षण देशी विद्यार्थ्यांना मिळावे म्हणून प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ते नावारूपास आणले. याच गज्जरांच्या प्रेरणेने त्यांचे शिष्य अनंत श्रीधर कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिकचा पाया घातला. एक मराठी आणि एक गुजराती तरुण, एका गुरूची विद्या आणि एका राजाचे पाठबळ यांतून गोरव्याच्या माळावर रसायनांचा कारखाना उभा राहिला. आपल्या नगराच्या घडणीचे सारच या एका उदाहरणात दिसते.

२० जुलै १९०८ रोजी स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोद्याची कथाही अशीच आहे. ही बँक संस्थानच्या खजिन्याचा एक विभाग नव्हती. संस्थानच्या कंपनी कायद्याखाली नोंदलेली ती भागभांडवलाची संस्था होती आणि तिच्या उभारणीत श्रीमंत संपतराव गायकवाड यांच्याबरोबर मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई सामळदास यांसारखे व्यवसायकुशल लोक होते. महाराजांचे अमेरिकन अर्थसल्लागार राल्फ व्हाइटनॅक यांचाही तीत वाटा होता. पाचच वर्षांनी, १९१३ पासून, स्वदेशीच्या लाटेवर निघालेल्या बँका एकामागून एक बुडू लागल्या. लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक ही त्यांतील ठळक नावे. बडोद्याची बँक मात्र तगली.

या व्यवस्थेला काय म्हणावे? साधने खाजगी होती, नफा भागधारकांचा होता, म्हणजे भांडवलशाही खरीच. परंतु शाळा, तंत्रशिक्षण, कायदा, पत आणि पहिला धक्का राज्याने दिला. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू झाला. पुढे गोपाळ कृष्ण गोखले ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसेच विधेयक मांडू लागले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. तात्पर्य, बाजार आपोआप उगवत नाही; कोणीतरी जमीन नांगरावी लागते. आपल्याकडे ते काम राजाने केले. त्याची दुसरी बाजूही आहे. नांगरणारा एकच होता, आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकार प्रजेला नव्हता. १९३९ साली महाराज गेले आणि अवघ्या दहा वर्षांत, १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी चाकरीवर पोसलेल्या मराठी घरांना तेव्हा प्रथमच कळले की एका व्यक्तीच्या सद्‌बुद्धीवर उभी असलेली सुरक्षितता वारसाहक्काने मिळत नसते.

अन्योन्य

भांडवलशाही आणि समाजवाद यांच्यामधली एक वाट बडोद्याच्या मराठी माणसाने स्वतः शोधली होती, ही गोष्ट मात्र आपण जवळजवळ विसरलो आहोत. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली येथे 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन झाली. हिंदुस्थानातील ज्ञात असलेल्या परस्पर-साहाय्य संस्थांमध्ये ती बहुधा पहिली, असे रिझर्व्ह बँकेनेही नमूद केले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली आला. म्हणजे कायद्याच्या १५ वर्षे आधी बडोद्यातील मध्यमवर्गीय माणसे सावकाराच्या दारात न जाता एकमेकांच्या शिलकीतून एकमेकांची नड भागवू लागली होती.

मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घरातले आजारपण अशा खर्चांसाठी पगारदार माणसाला कर्ज लागते. त्याच्याकडे तारण असते ते फक्त त्याचा पगार आणि त्याची अब्रू. सावकार त्या अब्रूची किंमत व्याजात वसूल करतो. पतपेढीत तीच अब्रू शेजाऱ्याच्या साक्षीने भांडवल ठरते. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या २८ कामगारांनी १८४४ साली जे दुकान काढले, त्याचे तत्त्व हेच होते. येथे मालक आणि गिऱ्हाईक एकच. मत भांडवलाला नसून माणसाला : एक सभासद, एक मत.

या बीजाचा पुढचा विस्तार आपल्या आसपासच दिसतो. बडोद्याहून तासाभराच्या अंतरावरील आणंदला १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा दूध संघ नोंदला गेला आणि १९४९ साली तेथे आलेल्या वर्गीज कुरियन यांनी त्याला व्यावसायिक बळ दिले. महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. दोन्ही ठिकाणी शेतकरी हा कच्चा माल विकणारा न राहता कारखान्याचा मालक झाला. समाजवादाचे उद्दिष्ट आणि बाजाराची शिस्त यांची सांगड घालणारी ही वाट होती.

रशियन यंत्रे, भारतीय मस्टर

साम्यवादाचा विचार मराठी मुलुखात लवकर पोहोचला. रशियन क्रांतीला चारच वर्षे झाली असताना, १९२१ साली, श्रीपाद अमृत डांगे या मुंबईच्या तरुणाने गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका इंग्रजीत प्रसिद्ध केली. १९२८ च्या प्रदीर्घ गिरणी संपातून मुंबईच्या कामगारवस्तीत लाल बावटा रुजला. १९४५ पासून डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत गोदावरी परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींना उभे केले. बडोद्यात मात्र हा विचार लढ्याच्या रूपाने फारसा ठसा उमटवू शकला नाही. साम्यवादी देश आपल्या दारी आला तो यंत्रसामग्रीच्या रूपाने.

तेलाचा धंदा तोवर बर्मा-शेल, एस्सो, कॅलटेक्स या पाश्चात्त्य कंपन्यांच्या मुठीत होता. हिंदुस्थानात तेल शोधण्यात त्यांना रस नव्हता; बाहेरचे तेल येथे आणून शुद्ध करून विकणे त्यांना पुरेसे होते. केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत आणि रुमानियन तज्ज्ञांच्या मदतीने शोध सुरू केला. १९५८ साली खंभातजवळ आणि १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले. ते शुद्ध करण्यासाठी सोव्हिएत साहाय्याने बडोद्याजवळ कोयलीला तेलशुद्धीकरण कारखाना उभारण्याचे ठरले. १९६३ साली पंडित नेहरूंनी त्याची कोनशिला बसवली. १९६५ साली काम सुरू झाले आणि १९६६ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. आरंभीची क्षमता वर्षाला २० लाख टनांची होती. ती पुढे कित्येक पटींनी वाढली.

कोयलीचा कारखाना हे साम्यवादाचे नव्हे, तर समाजवादाचे उदाहरण होय, हा भेद येथे स्पष्ट होतो. यंत्रे साम्यवादी देशाची होती, पण व्यवस्था भारतीय होती. कामगार संघटना एकाहून अधिक होत्या आणि संप करण्याचा हक्क होता. निवडणुकीत सरकार पाडता येत होते. सोव्हिएत कारखान्याच्या व्यवस्थापकाला जे प्रश्न कोणी विचारू शकत नव्हते, ते कोयलीच्या व्यवस्थापकाला संसदेत विचारता येत होते. रशियन यंत्र आणि भारतीय हजेरीपट यांतील हे अंतर लहान नाही. १९९१ साली सोव्हिएत संघराज्य कोसळले. कोयलीचा कारखाना चालूच राहिला.

याच काळात बडोद्याभोवती मिश्र अर्थव्यवस्थेचे नानाविध नमुने उभे राहिले. १९६२ साली स्थापन झालेली गुजरात स्टेट फर्टिलायझर्स ही संयुक्त क्षेत्रातील कंपनी होती : ४९ टक्के भाग सरकारचा, बाकीचा जनतेचा. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत महाराजांच्या आश्रयाने निघालेली बँक ऑफ बडोदाही होती. आपल्या ६१ व्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी ती सरकारी झाली. त्याच वर्षी इंडियन पेट्रोकेमिकल्स म्हणजे आयपीसीएल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मराठी घरांतील एक अख्खी पिढी या कारखान्यांत इंजिनिअर, रसायनज्ञ, हिशेबनीस, फिटर म्हणून लागली. संस्थानची जागा 'पब्लिक सेक्टर'ने घेतली. चाकरी गेली आणि नोकरी आली, पण निवृत्तीपर्यंतच्या निश्चिंतीची आपली अपेक्षा तीच राहिली.

तोट्याचा हिशेब

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. नफ्याच्या काळात सर्व व्यवस्था सारख्याच गोजिऱ्या दिसतात. त्यांचे खरे रूप कळते ते तोट्याच्या वेळी.

सरकारी मालकी म्हणजे सर्वांची मालकी, असे आपण मानत आलो. परंतु २००२ साली केंद्र सरकारने आयपीसीएलमधील २६ टक्के भाग आणि त्याबरोबर व्यवस्थापनाची सूत्रे रिलायन्सकडे सोपवली, तेव्हा त्या 'सर्वां'ना कोणी विचारले नव्हते. कंपनी बुडीत नव्हती, हे विशेष. २००७ साली ती रिलायन्समध्ये विलीन झाली आणि स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. या निर्णयाचे समर्थन करणारे म्हणतात की सरकारने धंदा करू नये आणि खाजगी व्यवस्थापनाने उत्पादन वाढवले. विरोधक म्हणतात की जनतेच्या पैशाने उभी केलेली संपत्ती एका घराण्याच्या हाती गेली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की राष्ट्राच्या नावाने मालक असलेला नागरिक हा प्रत्यक्षात मालकाचे कोणतेच काम करीत नव्हता. तो हिशेब पाहत नव्हता, सभेला जात नव्हता, मत देत नव्हता.

खाजगी मालकीत तोटा मालकाचा, असे आपण वर म्हटले. पण तेही पूर्ण खरे नाही. जो तोटा हिशेबवहीत येतच नाही, तो भलत्याच माणसाला सोसावा लागतो. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी समुद्राकडे नेण्यासाठी १९८० च्या दशकात पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा काढण्यात आला. त्या काठच्या गावांतील विहिरींच्या पाण्याबद्दल शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. त्या कालव्यात सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही कारखान्यांचे पाणी वाहत होते. नदीनाल्यांना मालकाचा पंथ समजत नाही. सोव्हिएत रशियातही अरल समुद्र आटला तो भांडवलदारांमुळे नव्हे, तर कापसाचे ठरलेले आकडे गाठण्यासाठी नद्या वळवल्यामुळे.

आणि सहकार? शतक ओलांडलेली अन्योन्य बँक एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अडचणीत आली आणि रिझर्व्ह बँकेला तिच्यावर निर्बंध घालावे लागले. त्याच काळात गुजरातेत आणि महाराष्ट्रात कित्येक नागरी सहकारी बँका कोसळल्या. त्यामागे कर्जवाटपातील गैरव्यवहार, संचालकांची मर्जी, देखरेखीचा अभाव अशी कारणे सर्वसाधारणपणे सांगितली जातात. त्यांच्याही मुळाशी एक कारण आहे. सभासद हळूहळू ठेवीदार झाला होता. व्याजाचा दर अर्धा टक्का जास्त मिळतो की नाही, एवढेच तो पाहू लागला. वार्षिक सभेचे आमंत्रण रद्दीत जाऊ लागले. परस्परांवरचा भरवसा हेच ज्या संस्थेचे भांडवल, तिच्यात परस्परांकडे पाहणेच थांबले की ते भांडवल संपते.

म्हणजे तिन्ही वाटांनी आपापल्या परीने दिले आणि तिन्ही वाटा कोठे ना कोठे खचल्या. मालकाने दूरचा तोटा पाहिला नाही, सरकारने मालकाला विचारले नाही आणि सभासद झोपी गेला. लेख येथे संपवता आला असता. पण बडोद्याच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की तो वगळून केलेली कोणतीही तुलना अपुरी ठरते.

१९१७ : चौथा प्रश्न

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तव्यवस्थेवर त्यांनी तेथे प्रबंध लिहिला आणि पुढे लंडनला अभ्यास आरंभला. करारात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर त्या अटीप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी करू लागले.

पुढची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांना या नगरात राहायला जागा मिळाली नाही. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. दोन स्नेह्यांनी आपापल्या अडचणी सांगून नकार दिला. त्यांतला एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. कमाठी बागेत काही तास काढून रात्री नऊच्या गाडीने ते मुंबईस निघून गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेट्रोग्राडला बोल्शेविकांनी सत्ता हस्तगत केली आणि मालकीचा प्रश्न सर्व जगापुढे आला. बडोद्याच्या बागेत बसलेल्या अर्थशास्त्रज्ञापुढचा प्रश्न मालकीच्याही आधीचा होता.

त्यांच्या खिशात भाड्याचे पैसे होते, पण बाजाराने त्यांना खोली विकली नाही. त्यांच्याजवळ राज्याचा नियुक्तीचा हुकूम होता. महाराजांची सदिच्छाही होती. पण कचेरीतल्या शिपायांच्या वागणुकीपुढे तो हुकूम दुबळा ठरला. अन्योन्याचे तत्त्व तर या नगराने हिंदुस्थानाला शिकवले होते. पण ते 'अन्योन्य' एका समाजाच्या वर्तुळापुरते होते. बाजार, राज्य आणि सहकार या तिन्ही यंत्रणा त्या दिवशी बडोद्यात चालू होत्या, आणि तिघींनीही एका माणसाला दार उघडले नाही. मालकी कोणाची, निर्णय कोणाचा आणि तोटा कोणाचा, या तीन प्रश्नांआधी विचारायचा एक प्रश्न या प्रसंगाने शिकवला : मुळात सभासद कोणाला होता येते?

आपल्यासारख्या जुन्या बडोदेकर मराठी कुटुंबांनी हा प्रश्न टाळू नये, असे मला वाटते. ज्या कचेऱ्यांत तेव्हा आपले पणजोबा होते, त्याच कचेऱ्यांची ही गोष्ट आहे. सयाजीरावांच्या थोरवीत आपण अभिमानाने वाटा मागतो, तर त्या कमाठी बागेतील संध्याकाळचाही वाटा आपल्याकडे येतो.

बाबासाहेबांचे पुढचे अर्थचिंतन या चौथ्या प्रश्नाभोवती फिरताना दिसते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३८ साली औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध डांग्यांसारख्या साम्यवाद्यांबरोबर एक दिवसाचा संपही केला. परंतु कामगारांमध्येच जातीची भिंत असताना वर्गाची एकी होत नाही, हे ते साम्यवाद्यांना सांगत राहिले. १९४७ सालच्या आपल्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि तो प्रत्येक प्रौढाला बंधनकारक असावा, शेती हा राज्याचा उद्योग करून जमीन जातिभेद न पाळता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसण्यास द्यावी, असे सुचवले. हे सर्व संसदीय लोकशाही राखून, राज्यघटनेतच लिहून ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. घटनेने ते स्वीकारले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी इशारा दिला की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकणार नाही. अखेरीस १९५६ साली काठमांडूच्या भाषणात त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि पिळवणूक नाहीशी करण्याचे उद्दिष्ट दोघांचे एकच मानून, बळजबरी आणि हुकूमशाहीचा मार्ग त्यांनी नाकारला. भांडवलशाहीतील मालकाची सत्ता त्यांना मान्य नव्हती आणि साम्यवादातील राज्याची निरंकुश सत्ताही नव्हती.

गोत्रीतील एक उत्तर

हे केवळ विचारच राहिले, असेही नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत बाबासाहेब मजूरमंत्री असताना प्राध्यापक भा. पु. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल तयार केला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि १९५२ साली योजना सुरू झाली. गोत्री रस्त्यावरचे ई.एस.आय. रुग्णालय त्याच योजनेचे आहे. गोत्रीत राहणारे आपण त्यावरून रोज जातो; पण त्यामागे कोणता विचार उभा आहे, याची क्वचितच आठवण काढतो.

या योजनेची रचना पाहण्यासारखी आहे. कारखाना खाजगी असू शकतो, म्हणजे मालकी भांडवलशाहीची. मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. वर्गणी कायद्याने सक्तीची आहे आणि व्यवस्था सरकारी महामंडळाची आहे, हा समाजवादाचा भाग झाला. जो धडधाकट आहे त्याच्या वर्गणीतून जो आजारी आहे त्याचा उपचार होतो, हे अन्योन्याचे जुने तत्त्व आहे. आणि वर्गणी कुवतीप्रमाणे, उपचार गरजेप्रमाणे, यात साम्यवादाच्या स्वप्नाची एक लहानशी सावलीही पडलेली आहे. रुग्णालयातील रांगा, औषधांची टंचाई, कागदपत्रांचा जाच याबद्दल तक्रारी असतात आणि त्या व्हायलाच हव्यात. पण विमाधारक कामगाराचा हक्क तेथे त्याच्या जातीवर ठरत नाही. १९१७ साली या नगरात ज्याची उणीव होती, ते सभासदत्व येथे कायद्याने दिले आहे.

मग प्रश्न सुटला का? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, एकाच समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद त्यामागे होता आणि कायद्याच्या दृष्टीने त्याला वजन आहे. परंतु कायद्याने जे चालते ते सहकाराच्या तत्त्वाला शोभते का, याचा निवाडा न्यायालय करू शकत नाही. तो सभासदांनी करायचा असतो. गोत्रीच्या वाढत्या वस्तीत एखाद्या सोसायटीत रिकामे घर कोणाला द्यायचे, हा विषय निघतो, तेव्हा आपण नकळत त्याच चौथ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो.

तीन अर्थव्यवस्थांपैकी श्रेष्ठ कोणती, असे कोणी विचारले, तर बडोद्याचा इतिहास एका शब्दात उत्तर देत नाही. उद्यम वाढवण्याचे काम मालकाने बरे केले, पाया घालण्याचे काम राज्याने, आणि नडीला धावून जाण्याचे काम सभासदांनी. प्रत्येकाला लगाम हवा असतो आणि तो लगाम जागरूक सभासदाच्याच हाती राहू शकतो. मग ते सभासदत्व कंपनीचे असो, पतपेढीचे असो वा प्रजासत्ताकाचे. आपल्या नातवंडांपैकी बरीच आता पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी खाजगी कंपन्यांत आहेत आणि त्यांना यातले फारसे ठाऊक नाही. त्यांना महाराजांच्या गोष्टी आपण सांगतोच. त्याबरोबर भाऊसाहेब कवठेकरांची गोष्ट सांगावी आणि कमाठी बागेतीलही सांगावी. पहिलीतून भरवसा कसा उभा करावा ते कळते. दुसरीतून तो भरवसा कोणाला नाकारला गेला ते कळते. सोसायटीची वार्षिक सभा भरते तेव्हा या दोन्ही गोष्टी मनात ठेवून आपण तेथे हजर राहावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.